एकच आख्यान, दर रात्री नवं

त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू होतात आणि मग पावसाळा तोंडावर येईपर्यंत दशावतारी मंडळांना उसंत मिळत नाही. आज सोनुर्लीच्या माउलीची जत्रा, उद्या दुसऱ्या ग्रामदेवतेची, परवा तिसऱ्याच गावची. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, चेंदवणकर, खानोलकर, नेरूरचं कलेश्वर अशी ही मंडळं. पूर्वी डोक्यावर पेटारे घेऊन पायी गाव गाठायची, आता टेम्पोने गाठतात. गावात पोचल्यावर जे घडतं ते मात्र फारसं बदललेलं नाही. रंगपटात प्रत्येक नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायला बसतो आणि तेवढ्या वेळात मंडळाचा मालक किंवा एखादा जाणता नट आजचं आख्यान सांगतो. राजा कोण, शाप कोणाचा, कोणत्या प्रवेशात कोणी कोणाला अडवायचं, युद्ध कुठे, उलगडा कुठे, एवढंच. लिहिलेले संवाद नाहीत, पडद्याआडून वाक्य पुरवणारा माणूस नाही. या भांडवलावर रात्रभराचं नाटक उभं राहतं. यातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. एखादा नट तीस वर्षं कर्ण करत आला असेल, तर त्या तीस वर्षांत तो एकच कर्ण करत नसतो. त्याच्या वयाबरोबर, गळ्याबरोबर, समोरच्या नटाबरोबर आणि समोरच्या गावाबरोबर कर्णाचं बोलणं बदलत जातं. हा बदल म्हणजे दशावताराची पडझड नव्हे, त्याची घडणच तशी आहे, आणि जपायचं असेल तर आधी हेच जपायला हवं, असं मला म्हणायचं आहे.

तळकोकणात या विषयावर बोलणं निघालं की दोन सूर ऐकू येतात. जुनी माणसं म्हणतात, पूर्वीचा दशावतार राहिला नाही. धूर-दिव्यांचे ट्रिकसीन आले, तिकिटं आली, गाण्यांच्या चाली सिनेमाच्या झाल्या. शहरातला अभ्यासू रसिक म्हणतो, ही प्राचीन कला आहे, तिचं मूळ रूप जसंच्या तसं टिकवा. २०२५ साली 'दशावतार' नावाचा मराठी चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात वृद्ध दशावतारी नट उभा केला आणि पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांमध्ये हे कुतूहल आणखी वाढलं. दोन्ही सुरांमागे जिव्हाळा आहे, यात शंका नाही. पण दोन्हींत एक गृहीत दडलेलं आहे, की कधीकाळी दशावताराचं एक ठरलेलं, पूर्ण रूप होतं आणि नंतरचं सगळं त्याची झीज आहे. इतिहास या गृहीताला आधार देत नाही.

अठराव्या शतकात, १७२८च्या सुमारास, आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, असं परंपरा सांगते. पण समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे आणि तो या सालाच्या कितीतरी आधीचा. म्हणजे काळ्यांनी नवा खेळ आणला असेल किंवा असलेल्या खेळाला नवं वळण दिलं असेल. कसंही धरलं तरी आरंभाशीच बदल आहे. खेळाची रचना पाहिली तरी तेच दिसतं. रात्रीचा पहिला भाग म्हणजे आडदशावतार. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, काळ्या वेषातला शंकासुर वेद पळवतो आणि अस्सल मालवणीत प्रेक्षकांची फिरकी घेत राहतो, शेवटी विष्णू त्याचा वध करतो. नाव दशावतार असलं तरी दहाही अवतार काही रंगमंचावर येत नाहीत. त्यानंतर आख्यान. पहाटे दहीकाला, म्हणजे आपला धयकालो. सुरुवात आणि शेवट विधीचे आहेत, त्यांना सहसा हात लावला जात नाही. मधला आख्यानाचा भाग मात्र लवचीक आहे, आणि तोच वाढत वाढत रात्रीचा मोठा भाग व्यापून बसला. आज आडदशावतार आटोपशीर होतो आणि लोक आख्यानासाठी थांबतात. धार्मिक विधीच्या पोटात नाटक वाढत गेलं, ते कोणी एका वर्षी ठरवून केलेलं नाही. रोज रात्री प्रेक्षक कशाला जागतात आणि कशाला पेंगतात, हे नट पाहत गेले आणि त्यानुसार खेळ हलत गेला.

मराठी रंगभूमीच्या इतिहासाशी ताडून पाहिलं तर हे अधिक स्पष्ट होतं. कर्नाटकातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' झालं. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचून बोलायची. म्हणजे ज्या प्रयोगाला आपण मराठी नाटकाचा आरंभ मानतो, त्यातही संवाद लिहिलेले नव्हते. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' आणलं, त्यात भाव्यांच्या नाटकापेक्षा दोन मोठे फरक होते. पात्रं स्वतः गात होती आणि लिहिलेलं बोलत होती. दशावतारानं यातला पहिला फरक उचलला आणि दुसरा उचलला नाही. आज राजपार्टी आणि स्त्रीपार्टी, म्हणजे राजाची आणि स्त्रीची भूमिका करणारे नट, आपली पदं स्वतः गातात, नाट्यसंगीताच्या वळणाने गातात, पेटी आणि पखवाज त्यांना साथ करतात. बोलणं मात्र आजही त्या रात्रीपुरतं. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. शहरी रंगभूमीवरून काय घ्यायचं आणि काय नाही, हे या नटांना नेमकं कळलं होतं. गाणं घेतल्याने नटाची ताकद वाढत होती. लिखित संवाद घेतले असते तर रोज नव्या गावात, नव्या आख्यानाने, हाताशी असतील तेवढ्या नटांनिशी उभं राहायचं बळच गेलं असतं.

अशा कलेत एका नटाचं काम दशकानुदशकं कसं बदलतं, याची कारणं अगदी ठोस आहेत. पहिलं कारण उजेड. मशाली-दिवट्यांच्या हलत्या उजेडात चेहऱ्यावरचे बारीक भाव दिसत नाहीत, म्हणून रंग भडक, किरीट मोठा, हातवारे रुंद. पुढे गॅसबत्ती आली, मग वीज आली आणि डोळ्यांची हालचाल शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागली. दुसरं कारण माईक. उघड्या माळावर, जत्रेच्या गोंगाटात बोलायचं तर शब्द फेकावा लागतो, वाक्य छोटं तोडावं लागतं, स्वर वरच्या पट्टीत ठेवावा लागतो. मंचावर टांगलेला माईक आला तेव्हा हळू बोलणं शक्य झालं. पुत्रशोकाचं पद खालच्या स्वरात सुरू करणं शक्य झालं. मात्र माईकच्या टप्प्यात उभं राहायचं म्हणून फिरणं कमी झालं. जो नट माईकच्या आधी घडला आणि माईकनंतरही वीस वर्षं उभा राहिला, त्याला आपला आवाज आणि चाल दोन्ही नव्याने घडवावी लागली. तिसरं कारण शरीर. तरुणपणी ज्याचं नाव तलवारीच्या गिरक्यांसाठी होतं, तो पन्नाशीनंतर गिरक्या कमी करतो आणि शब्दावर जोर देतो. त्याच्या आख्यानात युद्ध आखडतं आणि युद्धाआधीचा वाद लांबतो. दशावतारात दोन कसलेल्या नटांची संवादाची जुगलबंदी ही प्रेक्षकांची आवडती गोष्ट आहे. एक जण पुराणातला अवघड प्रश्न टाकतो, दुसऱ्याने जागच्या जागी उत्तर द्यायचं आणि उलटा प्रश्न टाकायचा. इथे वय कामी येतं. वाचन साठलेलं असतं, कीर्तनं कानावरून गेलेली असतात, शेकडो रात्रींचे प्रश्न लक्षात असतात. बाबी नालंग, बाबी कलिंगण, आणि त्यांचे चिरंजीव 'लोकराजा' सुधीर कलिंगण यांची नावं लोक अजून ज्या आदराने घेतात, त्यात हा साठा आहे. पुढच्या पिढीला या साठ्याची वही मिळत नाही. रंगपटात आणि मंचावरच्या बाकड्यामागे बसून जेवढं कानावर पडेल तेवढं तिचं.

जगात इतरत्रही गायक-नट असंच वाढतात. जॅझमध्ये गाण्याची चाल आणि तिच्याखालचा स्वरांचा आराखडा ठरलेला असतो, त्यावर गायकाने त्या रात्रीचं गाणं रचायचं असतं. नॉर्वेच्या सिद्सेल एंड्रेसनचं उदाहरण घेऊ. १९५२ साली जन्मलेली ही गायिका ऐंशीच्या दशकात तालबद्ध, शब्दांच्या गाण्यांनी लोकांसमोर आली. १९९० साली तिचा 'सो आय राइट' हा शांत, विरळ, कवितेच्या अंगाने जाणारा संच निघाला. नंतर बुग्गे वेसेलटॉफ्टच्या कळफलकाबरोबर तिने दोघांचेच कार्यक्रम केले. आणि २००६च्या 'वन'मध्ये ती एकटी आहे, साथ नाही, ओळखीचे शब्दही जवळपास नाहीत. अक्षरांचे तुकडे, श्वास, घशातले आवाज यांतूनच ती गाणं बांधते. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यातलं ऐकणाऱ्याला या दोन वेगळ्या बाया वाटाव्यात. तिचे चाहते याला ऱ्हास म्हणत नाहीत, एका कलावतीचा प्रवास म्हणतात. हाच न्याय आपण वेंगुर्ल्याच्या किंवा कुडाळच्या नटाला लावत नाही. तो बदलला की आपण म्हणतो परंपरा बिघडली. फरक आहे, तोही सांगायला हवा. एंड्रेसन शब्द सोडून देऊ शकली, कारण तिला कोणाच्या कथेचं बंधन नव्हतं. दशावतारी नट पुराणाला बांधलेला आहे, ग्रामदेवतेला बांधलेला आहे. कर्णाला जिंकू देण्याची मुभा त्याला नाही. पण म्हणूनच त्याचं स्वातंत्र्य अधिक बारकाईने पाहावं लागतं. शेवट गावातल्या पोराटोरांनाही माहीत असताना, हरणारा कर्ण आज कोणत्या शब्दांत हरतो, हेच त्याच्या हातात उरतं.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. आक्षेप असा, की उत्स्फूर्त म्हणून जे सांगितलं जातं ते प्रत्यक्षात ठोकळेबाज असतं. तीच संस्कृतप्रचुर विशेषणं, तीच राजाची गर्जना, तोच नारदाचा प्रवेश. नट काही रचत नाही, पाठ झालेले तुकडे जोडतो. हे निरीक्षण खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे युगोस्लावियात १९३०च्या दशकात झालेल्या एका कामाने दाखवून दिलं. मिल्मन पॅरी आणि त्याचा सहायक आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी तिथल्या निरक्षर शाहिरांची प्रदीर्घ वीरगीतं ध्वनिमुद्रित केली. शाहीर सांगायचे, आम्ही तेच गाणं शब्दन् शब्द तसंच गातो. ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली तर प्रत्येक गायन वेगळं निघायचं. आव्दो मेजेदोविच नावाच्या शाहिराला त्यांनी दुसऱ्या गायकाचं, त्याने कधी न ऐकलेलं गाणं एकदा ऐकवलं. ते सुमारे २३०० ओळींचं होतं. आव्दोने लगेच ते स्वतःच्या तोंडून गायलं, तर ओळी ६०००च्या वर गेल्या. पात्रांची मनं त्यात उघडली होती, वर्णनं फुलली होती. हे साधलं ते त्याच्याजवळ तयार तुकड्यांचा प्रचंड साठा होता म्हणून. लॉर्डने १९६०च्या 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथात हेच मांडलं, की ठरीव शब्दसमूह हे रचनेचं हत्यार आहे. दशावतारी नटाची विशेषणं आणि गर्जना याच जातीच्या आहेत. त्या आपोआप तोंडातून निघतात म्हणून त्याचं डोकं पुढच्या प्रश्नाकडे मोकळं राहतं. साठा असूनही काही नट ठोकळेबाजच राहतात, हे मान्य. पण तो त्या नटाचा तोकडेपणा झाला, त्यावरून पद्धतीला नावं ठेवता येणार नाहीत.

ट्रिकसीनचा आक्षेप मला अर्धा पटतो. हल्ली फलकांवर 'ट्रिकसीनयुक्त संयुक्त दशावतार' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. संयुक्त म्हणजे निरनिराळ्या मंडळांतले नामांकित नट एका रात्रीपुरते एकत्र आलेले. हा प्रकार मला उत्स्फूर्ततेच्या बाजूचाच वाटतो. जे नट रोज एकमेकांसमोर उभे राहत नाहीत, त्यांना सवयीची उत्तरं पुरत नाहीत, त्यांना खरोखर ऐकावं लागतं. ट्रिकसीनचं तसं नाही. धूर, दिवे, उडणारा राक्षस, फाटणारं पोट यांना ठरलेली वेळ लागते, ठरलेला इशारा लागतो. जुगलबंदी रंगली म्हणून नट दहा मिनिटं जास्त बोलत राहिला तर यंत्र सांभाळणारा खोळंबतो. यंत्र जितकी रात्र आपल्या ताब्यात घेतं, तितकी ती नटाच्या हातून जाते. तरी यातून दशावतार बुडाला असं म्हणणाऱ्यांनी गॅसबत्ती आठवावी. तिने खेळ बदलला, बुडवला नाही, कारण ती नटाच्या बोलण्याच्या आड आली नाही. नवी गोष्ट आली की हाच प्रश्न विचारावा, की ती नटाला बोलायला जागा ठेवते की नाही. गेल्या काही वर्षांत महिलांची दशावतारी मंडळं उभी राहिली आहेत, त्यावरही काही जण नाक मुरडतात. पुरुषाने स्त्रीपार्टी करणं ही फार देखणी परंपरा आहे, ती जरूर चालावी. पण बायकांनी आख्यान उभं केलं तर नव्या आवाजात नवे संवाद जन्माला येतील, आणि या कसोटीवर ते बसतं.

खरा धोका मला वेगळीकडे दिसतो. स्पर्धांमध्ये आणि महोत्सवांमध्ये दशावताराला दोन-तीन तास दिले जातात. वेळ नेमली की नट वाक्यं नेमतात. वाद कुठे तोडायचा हे आधी ठरतं, मग तोच तुकडा पुढच्या जत्रेतही तसाच येतो. दुसरा धोका चित्रणाचा. फोनवर काढलेला एखाद्या नटाचा प्रवेश हजारो लोकांनी पाहिला की पुढच्या गावात प्रेक्षक त्याच वाक्याची वाट पाहतात आणि नटाला ते म्हणावं लागतं. हे कसं होतं याचं मोठं उदाहरण मालवणीतच आहे. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं. रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच उभा केला. गावातल्या पौराणिक नाटकाच्या फजितीचं हे नाटक पुलंनी डोक्यावर घेतलं आणि प्रयोगांचा आकडा ५००० पार गेला. ते मुळात लिहिलेलं नाटक, त्यामुळे त्यात वाक्यं ठरलेली असणं गैर नाही. पण कॅसेटमधून ते घराघरांत गेलं आणि प्रेक्षक नटाच्या आधी वाक्य पुटपुटू लागले. 'वस्त्रहरण'ला ते शोभलं, त्यात एक सामुदायिक आनंद आहे. दशावताराला तसं झालं तर त्याच्याजवळची सगळ्यात मौल्यवान वस्तू जाईल. तिथला प्रेक्षक कथा पाठ असूनही वाक्य माहीत नाही म्हणून जागा राहतो.

मग काहीच टिपू नये का, असं कोणी विचारेल. न टिपल्याने थोर नटांचं काम वाऱ्यावर गेलं, ही हळहळ अगदी रास्त आहे. भाव्यांचंच पाहा. त्यांच्या आख्यानांतली पदं १८८५च्या 'नाट्यकवितासंग्रहा'त छापली गेली म्हणून आज वाचता येतात. पात्रांनी ऐनवेळी काय भाषणं केली, त्यातलं जवळपास काही उरलं नाही. दशावताराचं असंच होत आलं आहे. म्हणून टिपायला हवंच, फक्त टिपण्याची रीत या कलेच्या स्वभावाला धरून हवी. एका नटाचा एकच उत्तम प्रयोग चित्रित करून त्याला प्रमाण ठरवलं की आपण त्या नटाची संहिता बनवली. त्याऐवजी त्याच नटाचं तेच आख्यान चार निरनिराळ्या गावांत टिपावं. त्यातले निदान दोन प्रयोग समोरचा नट बदलून असावेत, आणि दहा वर्षांनी पुन्हा टिपावं. दुसऱ्या दिवशी नटाशी बोलून विचारावं, की काल हा प्रश्न का टाकलात, हे पद का गाळलंत, इथे आवाज का उतरवलात. पेटीवाल्यालाही विचारावं, कारण नट पदाकडे वळतोय हे त्याला सर्वांत आधी कळतं. जत्रेत आज डझनभर फोन वर झालेले असतात, चित्रणाची उणीव नाही. त्या चित्रणासोबत तारीख, गाव, आख्यानाचं नाव, कोणासमोर कोण आणि पेटी-पखवाजावर कोण, एवढं जरी कोणी लिहून ठेवू लागलं, तरी वीस वर्षांनी एखादा मुलगा आपल्या गुरूचे तीन-चार कर्ण शेजारी ठेवून ऐकू शकेल आणि त्यातल्या कोणत्याशी आपलं जुळतं, कोणत्याशी नाही, हे स्वतः ठरवू शकेल.